पाणी न्हाई म्हणणारा डबा

माझा धंदा पाणी सांगायचा, पानाड्याचा. म्हंजे तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, शेतातून अनवाणी चालायचं, आन् जिथं नारळ उभा राहील तिथं टाच मारून म्हणायचं, "हितं पाडा बोर." पाणी लागलं की ते माझ्या नारळाचं. न्हाई लागलं की बोरवाल्यानं दोन हात अलीकडं पाडला. शाळेत मी सुकडी खायापुरता गेलो, सुकडी बंद झाली तशी शाळा बी बंद झाली. तवा अक्षराशी माझी वळख न्हाई, पर नारळाशी लई जुनी.

लातूरकडच्या आमच्या गावात मला कोण इचारत न्हाई. कारण माझ्याच रानात मी दाखवलेल्या जागी बोर पाडला तर नुसता फुफाटा उडाला. पांढरा फक्क धुरळा. मी मशीनीला लागूनच उभा होतो, पाण्याचा पहिला फवारा अंगावर घ्यायला. घरी गेलो तर बायकोनं वळखलंच न्हाई, म्हणली, "पिठाच्या गिरणीत कामाला लागलाव का?" तवापासून मी लांबच्या गावाला जाऊन पाणी सांगतो.

आता माझी आक्का दिली उमरीकडं. थोरली बहीण. तिच्या घरी हळद करतेत. त्या साली हळद अशी आलती की आत उभा राहिलेला माणूस दिसू नये. पर दिवाळी झाली आन् हिर आटली. हळदीला नेमकं तवाच पाणी लागतं, खाली गड्डा फुगायच्या वक्ताला. पाणी तुटलं की वरून पानं हिरवी दिसतेत, खाली मात्र बोटाएवढं बी न्हाई. वर्सभराचा घाम तेवढ्यात गेला.

घरात सोलरची मोटर योजनेतून आलती. पाट्या उभ्या राहिल्या, खांबाला डबा बसला, पर मोटर सोडायला बोर पाहिजे. पाणी कोण सांगायचं ह्याच्यावर घरात तकरार. दाजी म्हणले धर्माबादकडून एक माणूस आणू. आक्का म्हणली, "माझा भाऊ हाय की."

तिची सासू चुलीपुढं बसून म्हणली, "तुझा भाऊ हाय म्हणूनच भेव हाय."

पर आक्का हटली न्हाई. सासरी येऊन इतकी वर्सं झाली, तिनं असा हट्ट कधी केला न्हवता. माहेराला लोक हसतेत हे तिला म्हाईत होतं. मी गेलो, नारळ धरला, चाललो. आन् खरं सांगतो, त्या दिवशी नारळ उभा राहीना. बांधापर्यंत गेलो, मागं आलो, नारळ आपला निवांत झोपलेला. मागं सासू, दाजी, भावकीतली चार माणसं. शेवटी माझ्या पायात गोखरूचा काटा मोडला, मी "आयो!" करून उडालो, आन् नारळ हातावर उभा झाला. सगळे म्हणले, "आला, आला!" मी बी म्हणलो, "आला." बोर तिथं पडला.

पाणी लागलं. लई न्हाई, पर लागलं. मोटर सोडली, ठिबकाच्या नळ्या जोडल्या, आन् मी मिशीला पीळ देऊन लातूरची येष्टी धरली.

आठवडा बी झाला नसंल, आक्काचा फोन. "आरं, मोटर बंद पडून राहिली. जरा वेळ चालती आन् बंद. हळदीच्या खालच्या अंगाला पाण्याचा थेंब गेला न्हाई. सासूबाई काहीच बोलून न्हाई राहिल्या. ह्ये जास्ती वाईट हाय."

मी गेलो. नांदेडला गाडी बदलली, उमरीला उतरलो, शेतात पोचलो तर दाजी धुऱ्यावर, बांधाच्या कडंला बसलेले.

"या, पाण्याचे डाक्टर," म्हणले. "पेशंट तुमचाच हाय."

"दाजी, पाण्याचा काही दोष न्हाई," मी तिथंच निकाल दिला. "डबा खराब हाय."

डबा म्हंजे काय, ते सांगतो. सोलरच्या पाट्यातून वीज येती, ती ह्या डब्यातून मोटरीला जाती. पुढं एक काच, तेच्यात इंग्रजी अक्षरं पळतेत, आन् दोन दिवे. हिरवा पेटला की मोटर चालू. लाल पेटला की डबा रुसला. मी बघतोय तवर पाण्यानं दोन उचक्या दिल्या, पाईपातून हवा फुसकली, आन् डब्यानं लाल दिवा लावला. खलास. वरून ऊन असं की डोळं उघडंना, आन् मोटर बंद.

ह्या कामात माझा हातखंडा होता, बरं का. आमच्याकडं लायटीवरच्या मोटरी. तेच्या स्टार्टरात बी एक पुर्जा असतो, मोटरीवर ताण आला की तो बटन बाहेर फेकतो. मोटर बंद होती. तेला आमचा इलाज म्हंजे तुराटी. तुरीच्या काडीचा तुकडा बटनात कोंबायचा, वरून सुतळीनं आवळायचा. मग स्टार्टरच्या बापाची टाप न्हाई बंद पडायची. मोटर चालतीच, चालतीच, आन् मग असा वास येतो की गावाला कळतं, ह्येनं आज मोटर जाळली. मी तशा तीन जाळल्या. वायंडिंगवाला मला बघितलं की च्या सांगायचा, असा मानाचा गिऱ्हाईक होतो.

तर मी खिशातून तुराटी काढली आन् डब्याभवती फिरलो. बटन सापडंना. सगळं गुळगुळीत. कुठं कोंबावं?

"काय हुडकून राहिलाव?" दाजी म्हणले.

"हेचं नाक," मी म्हणलो. "दाबायचं होतं."

मग मी माझ्या दुसऱ्या इलाजावर आलो. म्हणलो, जागेचं काही राहून गेलं असंल, नारळ फोडू. आक्कानं घरून नारळ आणला. मी डब्याला हळदकुंकू लावलं, बोरच्या तोंडाशी दगड धुतला, दोन शब्द पुटपुटलो, ते बी काय, जे ध्यानात आलं ते, आन् नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकतोय तोच खांबावर टिक असा आवाज. लाल दिवा इझला. हिरवा लागला. खालून मोटर हळूच हुंकारली, मग चढत चढत सुरात आली, आन् पाईप थरथरला. पाणी!

माझ्याच अंगावर काटा आला. मी एवढी वर्सं नारळ धरतो, पर माझं कोण ऐकतंय असं मला कधी वाटलं न्हवतं.

सासू लांबून बघत होती. तिनं पदर डोईवर घेतला आन् पहिल्यांदा मला म्हणली, "बस की रे बाबा सावलीला."

सावलीला बसतो न बसतो तोच पाणी पुन्हा तुटलं. लाल दिवा. आता सासूच म्हणली, "दुसरा फोडा." दुसरा आला. मी तेवढंच पुटपुटलो, जरा लांबवून. नारळ फोडला, खोबरं वाटलं, लोक खायला लागले, आन् परत टिक, हिरवा, पाणी. आता बातमी गावात गेली. भावकी आली, शेजारचे आले, एक म्हातारा तर आपली आटलेली हिर दाखवायला माझा हात धरून वढायला लागला. तिसरा नारळ झाला, चौथा झाला. दरबारी पानाड्यावानी मी मांडी ठोकून बसलो. कुणीतरी मला टोपी घातली.

मग नारळ सरले. गावच्या दुकानात बी सरले. आन् लाल दिवा लागला.

"आता?" सासू म्हणली.

"आता," मी डोळं मिटून म्हणलो, "नारळाबिगर हे देवस्थान हलायचं न्हाई."

दाजी म्हणले, "वांगं फोडून बघता का?"

"दाजी, थट्टा करू नगा. ह्ये कोपलं तर—"

टिक. हिरवा दिवा. मोटर हुंकारली. पाणी आलं.

माझ्या तोंडात पाचव्या का सहाव्या खोबऱ्याचा तुकडा, तो गिळता बी येईना, थुकता बी येईना. दाजींनी आधी तोंडावर उपरणं धरलं, मग धरवंना तवा खाली बसून असं हसले की त्यांचं मुंडासं सुटलं. म्हातारा आपली हिर घेऊन घरी गेला. टोपी ज्याची होती त्यानं काढून घेतली. सासू उठली, खोबऱ्याचे राहिलेले तुकडे पदरात भरले आन् म्हणली, "चटणी तरी होईल."

आक्का मात्र हसली न्हाई. ती हळदीच्या खालच्या अंगाला जाऊन उभी राहिली, जिथं नळ्या कोरड्या होत्या. पानाची टोकं वळायला लागलती. मी मागं गेलो तर मला म्हणली, "लोक तुला हसू देत रे, तू हसण्याचाच हायस. पर ही हळद गेली तर ह्या घरात मी परत कधी तोंड उघडायची न्हाई."

माझं खोबरं तिथंच घशाखाली गेलं, टोचत टोचत.

दाजींनी सोलरवाल्या मेकॅनिकला फोन लावला. फोन मोठ्यानं बोलता ठेवला, म्हणून मला बी ऐकू आलं. पोरगा नांदेडचा, घाईत होता. काचेवरची अक्षरं दाजींनी वाचून दाखवली. तो म्हणला, "डबा चांगला हाय काका. बोरमधलं पाणी तुटून राहिलंय. खाली पाणी असलं की मोटरीला वझं लागतं. पाणी सरलं की ती हलकी फिरती, रिकाम्या बादलीवानी. डब्याला ते वरूनच कळतं. पाण्याबिगर फिरली तर मोटर जळती, म्हणून तो बंद करतो. मग थोडा वेळ थांबतो, बोर भरू देतो, आन् आपला आपण परत चालू करून बघतो. तुम्ही काही करू नगा. मी दोन-चार रोजात येतो."

"नारळ-बिरळ?" दाजींनी माझ्याकडं बघत इचारलं.

"काय?"

"काही न्हाई, काही न्हाई."

त्या दुपारी मी डब्यापुढं बसून राहिलो. खरं म्हंजे मला लपायला तीच जागा होती, तिकडं कोण येत न्हवतं. लाल दिवा लागला तवा मी बोरच्या पाईपाला कान लावला. आधी काहीच न्हाई, नुसती काळी गार हवा. मग ऐकू आलं. लई खोल, भुईच्या पोटात, टप. टप. झिर कुठूनतरी येऊन खाली पडत होती, लेकराला चमच्यानं दूध पाजावं तशी. बोर भरत होता. आन् वर खांबावर डबा गुमान थांबलेला. घाई न्हाई, राग न्हाई. मग टिक. तो एकदम धावला न्हाई. आजारी माणूस भितीला धरून उठतो तसा उठला, हळू, चाचपत, पाणी हाय का, हाय का, मग जोर धरला.

माझ्या अंगाला परत काटा आला, पर ह्या वक्ताला नारळाबिगर.

मी जन्मभर भुईवर चालत सांगत आलो की खाली काय हाय. खाली मी कधी गेलो न्हाई, मला काही दिसलं न्हाई, तरी बेधडक टाच मारली. हा डबा बी खाली गेलेला न्हाई. खांबावरच टांगलेला. पर मोटर हातानं तोलून बघावी तसा तो तोलतो, आन् पाणी नसलं की सरळ सांगतो, न्हाई. चारचौघात सांगतो, लाल दिवा लावून सांगतो. आन् न्हाई म्हणून पाठ फिरवत न्हाई. थांबून परत इचारतो, आता आलं का? मी तुराटी कोंबली असती तर आक्काची मोटर त्याच दुपारी गेली असती. तेनं माझ्यासारख्याला बटनच ठेवलं न्हाई. कोण असंल ते घडवणारा, तेला म्हाईत असावं की उमरीकडं असा एक मेव्हणा येणार हाय.

पर कौतिकानं हळद भिजत न्हाई. मोटर चालायची, नळ्या भरत भरत अर्ध्यात यायच्या, तवर पाणी तुटायचं. पुन्हा चालू झाली की पुन्हा पहिल्यापासून नळ्या भरायच्या. वरचं अंग दर टायमाला भिजायचं, खालच्याला थेंब न्हाई. आक्का घागरीनं पाणी नेऊन बुडाला घालायला लागली. एवढ्या हळदीला घागर म्हंजे काय, हत्तीला शेंगदाणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी लई होती. मी सासूची गोधडी पांघरूनच रानात गेलो. मनात आलं, पाईपाचा जोड ढिला असंल, तिथंच पाणी मुरत असंल, आपण बघावं. जोड ढिला न्हवता. मी केला. मोटर चालू झाली, जोड सुटला, आन् सगळं गार पाणी माझ्या छातीवर. बोर माझ्यावर राग काढत होता म्हणा. जोड कसाबसा बसवला, पर गोधडी चिंब. म्हातारीची, तिच्या जुन्या लुगड्यांची, ती बी तिला न इचारता आणलेली. आता वाळवायची कुठं? सगळ्यात कडक ऊन कुठं पडतं? सोलरच्या पाट्यांवर. वर चढलो आन् दिली पसरून.

मग मी लिंबाखाली बसलो आन् ओल्या कपड्यातच डुलकी लागली.

जागा झालो तो दाजींच्या आवाजानं. "आरं येड्या! सोलरवर गोधडी! आधी पाणी न्हाई, आन् तू ऊन बी झाकून ठेवलंस?" ते पाट्यांकडं धावले. म्हातारी मागून, "माझी गोधडी!" करत.

"थांबा!" आक्का ओरडली.

तिचा असा आवाज मी कधी ऐकला न्हवता. दाजी जागीच थांबले. आक्का हळदीच्या मध्यात उभी, हात वर केलेला, जसं कुणी पाखरू उडू नये म्हणून करतेत.

"मोटर ऐका," ती म्हणली. "किती येळ झाला, बंद पडली न्हाई."

आम्ही ऐकलं. मोटरीचा आवाज नेहमीसारखा न्हवता. खालच्या पट्टीत, झोपेत गुणगुणल्यावानी. पाईपातलं पाणी बारीक. मनगटाएवढं यायचं ते आता अंगठ्याएवढं. पर तुटत न्हवतं. दाजींनी इश्वास न बसून गोधडी उचलली. लगेच मोटर वर चढली, पाणी धो धो आलं, म्हातारी खूश झाली, आन् थोड्याच येळात दोन उचक्या आन् लाल दिवा. दाजींनी गोधडी परत पसरली, चारी कोपरे नीट केले, देवाच्या गादीवर करतेत तसे. आम्ही चौघं धुऱ्यावर बसलो. टिक झालं. मोटर उठली, खालच्याच सुरात राहिली. आन् चालत राहिली.

"ऊन कमी केलं तर पाणी जास्ती," दाजी आपल्याशीच म्हणले. "ह्येला काय म्हणावं?"

मी म्हणलो, "मला तर आधीच—"

"गप," तिघं बी एकदम म्हणले.

मेकॅनिक आला तवा गोधडी बघून आधी हसला, मग डोक्याला हात लावला. म्हणला, पाट्या अशा झाकायच्या न्हाईत, अर्धी झाकली तर तिथंच तापून जळती. गोधडी काढली. मग म्हणला, पर अंदाज बरोबर हाय. बोरची झिर बारीक, मोटर भुकेली. जेवढ्या वेगानं खाली पाणी येतं तेवढ्याच वेगानं ओढलं तर तुटणार कशाला? डब्याला वेग कमी करता येतो. तेनं किल्लीनं डबा उघडून आतली बटनं दाबून कायकाय केलं, मोटर तेवढ्याच हळू आवाजावर येऊन थांबली. वरून भर उन्हाचा जोर, आन् डबा तिला म्हणतोय, सबूर.

मी तेला इचारलं, "आता लाल दिवा लागणारच न्हाई?"

"लागंल की. पाणी तुटलं तर लागलाच पाहिजे."

आक्कानं ठिबकाचे बाकी वाल बंद करून एकच उघडा ठेवला, सगळ्यात खालच्या अंगाचा. आम्ही नळीबरोबर चालत गेलो. पाणी नळीतून कुठवर आलं ते हात लावला की गार लागून कळायचं. शेवटच्या ओळीला पोचलो तर नळी अजून गरम. आक्का खाली बसली. दाजी बसले. मी बसायला गेलो तो नळीवरच बसलो, मग दाजींनी कॉलर धरून उठवलं. थोड्या येळानं नळीच्या भोकावर एक थेंब आला. फुगला, थरथरला, पडंना. मग पडला. माती काळी झाली, पैशाएवढी, मग भाकरीएवढी. आक्कानं त्या मातीवर तळहात ठेवला आन् तसाच ठेवून बसली.

पुढं हळद काढायला मी मुद्दाम गेलो. मला कुदळ कुणी दिली न्हाई, मागल्या खेपेला मी पायावर मारून घेतलती. खालच्या अंगापासनंच सुरवात केली. आक्कानंच पहिला दांडा उपटला, माती झाडली. मधला गड्डा मुठीत मावंना, भवतीनं हळकुंडं लेकरावानी लटकलेली. ती तसाच मातीसकट गड्डा घेऊन गेली आन् धुऱ्यावर बसलेल्या सासूच्या मांडीवर ठेवला.

म्हातारीनं तो फिरवून बघितला. नखानं एक हळकुंड मोडलं. आतून असा रंग निघाला की तिचं बोट पिवळं झालं, पदर पिवळा झाला. तिनं वास घेतला. मग सुनेकडं न बघता, रानाकडं बघत म्हणली,

"औंदा पुढल्या लावणीला बेणं कोणतं ठेवायचं ते तूच निवड."